मक्याच्या रानात उभे राहिलेले तीर्थ



यात्रेला निघालेला माणूस वाटेतले शहरही पाहून घेतो, ही रीत जुनीच आहे. देवदर्शनही होते, चार वस्तूंची खरेदीही होते, आणि घरी आल्यावर पोराबाळांना सांगायला गोष्टीही मिळतात. यात कमीपणा काही नाही. आज मी तुम्हांला अशाच एका जोडयात्रेची माहिती सांगणार आहे. देश पोर्तुगाल, शहर लिस्बन आणि तीर्थ फातिमा. दोन्हींमधले अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बसने दीड तासाची वाट.

तुम्ही म्हणाल, पोर्तुगाल कुठे आणि आपण कुठे! पण वसई, उत्तन, रेवदंडा, गोवा या भागांतल्या वाचकांना हे नाव परके नाही. वसईचा किल्ला १५३४ ते १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होता. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोरलई गावात आजही काही घरांतून पोर्तुगीज वळणाची बोली बोलली जाते. आणि ज्याचा किरिस्तावांशी काही संबंध नाही असा माझा घाटावरचा शेतकरीही रोज पोर्तुगीज शब्द बोलतच असतो. पाव, बटाटा, कोबी, पपई, अननस, काजू, चावी, बादली, घमेले, पगार आणि लिलाव हे सारे तिकडूनच आले. हापूस आंब्याचे नावसुद्धा अफोंसो या पोर्तुगीज नावावरूनच पडले.

तर आधी शहर पाहू आणि मग देवस्थानाकडे वळू.

मिऱ्याच्या पैशाचा मठ

लिस्बन हे तेजो नदीच्या मुखाशी, टेकड्यांवर वसलेले शहर आहे. रस्ते चढउताराचे, त्यांवर लहान लहान चौकोनी दगड बसवलेले. पावसात ते दगड गुळगुळीत होतात, म्हणून रबरी तळव्याचे बूट घालूनच फिरावे. गुडघे दुखत असतील तर २८ नंबरची पिवळी ट्राम आहे. ती जुन्या वस्तीतून अशी वळणे घेत जाते की खिडकीतून हात काढला तर भिंतीला लागेल. फक्त या ट्रामच्या गर्दीत पाकीट आतल्या खिशात ठेवा. आपल्या जत्रेत जशी खिसेकापूंची चांदी होते, तशी तिथेही होते.

नदीकाठी बेलेम नावाचा भाग आहे. वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी येथूनच निघाला आणि मे १४९८ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर कालिकतला पोचला. तो कशासाठी आला होता? आपल्या मिऱ्यासाठी. दर्यामार्ग सापडला, मिरे आणि मसाले जहाजे भरभरून जाऊ लागले, आणि त्या व्यापारावर शेकडा सुमारे ५ असा कर बसवून राजाने बेलेमला जेरोनिमस मठ बांधायला घेतला. काम १५०१ साली सुरू झाले आणि शंभरेक वर्षे चालले. दगडात दोरखंड, समुद्रातली शिंपले आणि वेली अशा कोरल्या आहेत की पाहत राहावे. वास्को द गामाची कबर तिथेच आहे. तिच्यापाशी उभे राहाल तेव्हा एवढे मनात आणा की या खांबांत मलबारच्या मळेवाल्याचा घाम आहे. मिरे पिकवणाऱ्याचे नाव मात्र तिथे कोणत्याच दगडावर नाही.

मठाशेजारी १८३७ पासून चालत आलेले एक मिठाईचे दुकान आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकाची, वरून जराशी करपवलेली, खुसखुशीत वाटीसारखी ती मिठाई गरम गरम खावी. अंडे चालत नसेल तर नुसत्या वासावर समाधान मानावे लागेल.

या शहराने एक भयंकर दिवसही पाहिला आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सर्व संतांचा सण होता. सकाळची वेळ, चर्चे माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. तेवढ्यात भूकंप झाला. चर्चांची छपरे भाविकांवर कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या, आणि जे नदीकाठी पळाले त्यांच्यावर समुद्राच्या लाटा आल्या. शहरात कार्मो नावाच्या मठाच्या बिनछपराच्या कमानी तशाच ठेवल्या आहेत. खाली गवत, वर आकाश. त्या कमानींखाली उभे राहिले की कुणी न सांगता माणूस गप्प होतो.

वसईकरांना आणखी एक ओळखीचे ठिकाण म्हणजे संत अंतोनीचे चर्च. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून आपण ज्याचा धावा करतो तो अंतोनी पादुआचा म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा जन्म लिस्बनचा, साधारण ११९५ सालचा. त्याच्या सणाला, म्हणजे १३ जूनला, गल्लोगल्ली विस्तवावर तारली भाजतात आणि तुळशीच्या जातीचे एक बारीक पानांचे सुवासिक रोपटे कुंडीत लावून एकमेकांना भेट देतात. तारली आणि तुळस एकाच सणात! हे वाचून आपल्याकडच्या किती जणी हसतील ते मला ठाऊक आहे.

आणखी एक जागा सांगतो. तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. २८ नंबरची ट्राम एस्त्रेला नावाच्या पांढऱ्या घुमटाच्या चर्चसमोरून जाते. त्या चर्चजवळच्या रस्त्यावर एक अनाथाश्रम होता. १९२० साली एका खेड्यातली नऊ वर्षांची आजारी मुलगी तिथे राहत होती. नाव जासिंता. तिला पुढे शहरातल्या रुग्णालयात नेले, बरगडीच्या जागी शस्त्रक्रिया केली, आणि २० फेब्रुवारीच्या रात्री ती गेली. जवळ आई नव्हती, बाप नव्हता. ही मुलगी कोण, हे कळण्यासाठी आता फातिमाची बस धरू.

वाटेवरची शेती

बस सेते रियोस नावाच्या स्थानकावरून सुटते. इथे एक सूचना. रेल्वेच्या नकाशावर फातिमा नावाचे स्टेशन आहे, पण ते देवस्थानापासून वीसेक किलोमीटर दूर आहे. तेव्हा आगगाडीच्या मोहात न पडता बसच घ्यावी.

तेजो नदीच्या काठची जमीन सपाट आणि गाळाची. तिथे भात होतो, कारखान्यांना जाणारे टोमॅटो होतात, द्राक्षे होतात. युरोपात सर्वांत जास्त भात खाणारे लोक हेच. नदीपलीकडे बुचाच्या झाडांची राने आहेत. हे झाड ओकच्या जातीचे. त्याची साल म्हणजे बाटलीचे बूच. झाड साधारण २५ वर्षांचे झाले की पहिली साल काढतात, आणि त्यानंतर दर ९ वर्षांनी. मधे हात लावायचा नाही, असा कायदा आहे. साल काढल्यावर बुंध्यावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात, म्हणजे पुढची पाळी केव्हाची ते विसरायला नको. पहिल्या दोन काढण्यांची साल बाटलीला चालत नाही. चांगले बूच तिसऱ्या वेळेला मिळते, तोवर झाड चाळिशी ओलांडते. म्हणजे लावणाऱ्याने नातवासाठी लावायचे.

पुढे चढ लागतो आणि जमीन बदलते. चुनखडीचा खडक, हलकी माती, दगड वेचून रचलेले बांध, ऑलिव्हची आणि अंजिराची झाडे, मेंढ्या. आपल्या माणदेशातल्या किंवा सासवडकडच्या शेतकऱ्याला ही जमीन पाहताच कळेल की इथे पोट भरणे सोपे नव्हते.

१९१७ साली काय झाले

या माळावर अल्जुस्त्रेल नावाची एक वाडी आहे. तिथे दोस सांतोस कुटुंब राहत होते. त्यांची धाकटी मुलगी लुसिया दहा वर्षांची होती. तिची आतेभावंडे फ्रान्सिस्को आठ वर्षांचा, नवव्यात जवळजवळ पोचलेला, आणि जासिंता सात वर्षांची. तिघे मेंढ्या राखायचे. १३ मे १९१७ रोजी कोव्हा दा इरिया नावाच्या खोलगट शेतात मेंढ्या चारत असताना एका लहानशा झाडावर तेजस्वी स्त्री दिसली, दर महिन्याच्या १३ तारखेला या असे तिने सांगितले, असे मुलांनी घरी येऊन सांगितले. पुढे १३ ऑक्टोबरला पावसात, चिखलात हजारोंची गर्दी जमली. सूर्य फिरताना दिसला असे त्यांतल्या पुष्कळांनी सांगितले आणि लिस्बनच्या वर्तमानपत्रांतही ते छापून आले. कॅथलिक धर्मपीठाने पूर्ण चौकशी करून १९३० साली या दर्शनांना मान्यता दिली. श्रद्धा ज्याची त्याची. पण मंडळी, मला तुम्हांला सांगायचे आहे ते त्या शेताबद्दल.

कोव्हा दा इरिया हे शेत कुणाचे होते? लुसियाच्याच आईबापाचे. पुढे धर्मभगिनी झाल्यावर लुसियाने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यांत हे सारे आहे. खोलगट भागात माती चांगली होती. तिथे मका, वाटाणा आणि भाजीपाला होत असे. उतारावर ऑलिव्हची झाडे होती. लोक येऊ लागले, बरेचसे घोड्यागाढवांवर बसून आले. जनावरांनी पीक खाल्ले, माणसांनी तुडवले. तिथे पुन्हा काही पेरता आले नाही. ज्या झाडावर दर्शन झाले म्हणतात त्या झाडाची पाने, डहाळ्या लोक आठवण म्हणून तोडत गेले, तोडता तोडता झाड संपले. मुलांना रोज कुणी ना कुणी बोलवायला येई, म्हणून मेंढ्या राखायला कुणी उरले नाही. शेवटी मेंढ्या विकल्या.

आता त्या आईचा विचार करा. मारिया रोझा तिचे नाव. बाई भाविक, वाचता येणारी, वाडीतल्या मुलांना धर्मशिक्षण देणारी. खोट्याची तिला भारी चीड. आपली मुलगी देवाच्या नावावर खोटे बोलते आहे, असे तिला वाटले. तिने समजावले, रागे भरली, झाडूच्या दांड्याने मारलेही. शेत गेले तेव्हा, आता जेवायला लागले तर त्या बाईकडेच माग, असे तिने मुलीला ऐकवले. घरातल्या थोरल्या बहिणीही टोमणे मारीत. तालुक्याच्या सरकारी अधिकाऱ्याने ऑगस्टमध्ये तिघा मुलांना उचलून नेले आणि दोन दिवस धाकदपटशा केला. मुलांनी आपले म्हणणे बदलले नाही.

त्या आईला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. पोर खरे बोलते की खोटे हे कळत नाही, घरचे पीक डोळ्यांदेखत तुडवले जाते आणि गाव दारात उभे आहे. अशा वेळी तुम्ही आम्ही काय केले असते? देशात तेव्हा पहिल्या महायुद्धाची झळ होती. खेड्यापाड्यांतली पोरे लढाईवर गेलेली, धान्याची टंचाई. एका शेताची किंमत तेव्हा किती होती, हे शेतकऱ्यालाच कळेल.

पुढे फ्ल्यूची मोठी साथ आली. त्या दुखण्यातून उठलाच नाही, असा फ्रान्सिस्को ४ एप्रिल १९१९ रोजी घरीच गेला. जासिंता लिस्बनला गेली ती परत आलीच नाही. एस्त्रेलाच्या रस्त्यावरची ती मुलगी हीच. लुसियाचा बापही १९१९ सालीच वारला. १९२१ मध्ये चौदा वर्षांच्या लुसियाला गुपचूप पोर्तो शहरातल्या शाळेत धाडले. ती धर्मभगिनी झाली, ९७ वर्षे जगली आणि २००५ साली वारली. मधे १९४६ साली ती एकदा आपल्या शेताकडे आली, तेव्हा तिथे शेत उरले नव्हते. १३ मे २०१७ रोजी, बरोबर शंभर वर्षांनी, पोप फ्रान्सिस यांनी फातिमाला येऊन फ्रान्सिस्को आणि जासिंता यांना संतपद दिले.

आजचे देवस्थान

आज त्या खोलगट रानात अफाट मोठे पटांगण आहे. एका टोकाला १९५३ साली अभिषेक झालेले पांढरे महामंदिर, त्याचा मनोरा ६५ मीटर उंच. तिन्ही मुलांच्या कबरी तिथेच आहेत. दुसऱ्या टोकाला २००७ साली बांधलेले नवे, गोल महामंदिर, त्यात साडेआठ हजारांवर माणसे बसू शकतात. पण पटांगणाचे खरे काळीज म्हणजे मधली छोटीशी देवळी. लोकांनी १९१९ साली ती आपल्या हातांनी बांधली. १९२२ साली विरोधकांनी ती सुरुंगाने उडवली. लोकांनी पुन्हा बांधली. जवळच एक मोठे ओकच्या जातीचे झाड उभे आहे. दर्शनाचे झाड ते नव्हे, पण मुले गर्दीतून वाट पाहत त्याच्या सावलीत थांबत असत. त्याला आता कुंपण आहे.

नवस बोलणारे लोक उतारावरच्या गुळगुळीत पट्टीवरून गुडघ्यांवर चालत देवळीपर्यंत जातात. कडेला मेणबत्त्या पेटवण्याची जागा आहे. हात, पाय, डोके असे मेणाचे अवयव तिथे अर्पण करतात आणि ते ज्वाळेत वितळतात. वांद्र्याच्या मोतमावलीला गेलेल्यांना हे नवे वाटणार नाही. देवळीतल्या मूर्तीचा सोन्याचा मुकुट पाहा. तो १९४२ साली पोर्तुगालच्या बायकांनी आपले दागिने देऊन घडवला, आपला देश दुसऱ्या महायुद्धापासून वाचला म्हणून. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळीबार झाला, त्यातली एक गोळी त्यांनी पुढे इथे दिली. ती या मुकुटात बसवलेली आहे.

रात्री मात्र जरूर थांबा. मोठ्या यात्रेच्या कंपन्या पुष्कळदा दुपारी आणतात आणि संध्याकाळी बसमध्ये कोंबतात. पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्या, फातिमाला एक मुक्काम आहे की नाही. इस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री साडेनऊला जपमाळेची प्रार्थना सुरू होते, वेगवेगळ्या भाषांत. मग हातात मेणबत्त्या घेऊन मिरवणूक निघते. हजारो ज्योती एकदम वर उचलल्या जातात तेव्हा भाषेची अडचण उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन किलोमीटर चालून अल्जुस्त्रेलला जा. हे मी पुन्हा सांगतो, जाच. लुसियाचे घर तिथे जपून ठेवले आहे. बुटकी दारे, लहान खोल्या, मागे विहीर. महामंदिरात काय घडले हे कळते, पण ते कुणाला किती महाग पडले हे या घरात कळते.

चार व्यवहाराच्या गोष्टी

वेळ: १२ आणि १३ मे ही मोठी यात्रा. आपल्याकडे तेव्हा पेरणीआधीची सवड असते. १२-१३ ऑक्टोबरची यात्राही मोठी, पण ती भाताच्या कापणीवर येते. मे महिन्यातही फातिमाला रात्री गारठा असतो, स्वेटर घ्या. यात्रेच्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, म्हणून कित्येक महिने आधी ठरवा.

कागदपत्रे: शेंगेन व्हिसा लागतो. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा, बँकेचे पासबुक आणि उत्पन्नाचे कागद लागतात. सातबारा मराठीत असतो, तो जोडायचा तर भाषांतर करून घ्या. कर्ज काढून, जमीन गहाण टाकून तीर्थाला जाऊ नका. शेत गमावून मिळालेल्या दर्शनाची गोष्ट तुम्ही वर वाचलीच आहे.

जेवण: पाव, ऑलिव्ह, चीज आणि भात सगळीकडे मिळतो. कोबीच्या जातीची पालेभाजी आणि बटाटा यांचे एक हिरवे सूप फार चांगले असते, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती टाकतात, आधी विचारा. खारवून सुकवलेला कॉड मासा हा त्यांचा जीव की प्राण. आपल्या कोळीवाड्यातल्या सुकटवाल्यांना तो वास ओळखीचा वाटेल.

पायी जायचे असेल तर: लिस्बनपासून फातिमापर्यंत निळ्या बाणांच्या खुणा आहेत. वाट सुमारे १४० किलोमीटर, पाच-सहा दिवसांची. मे महिन्यात रस्त्याच्या कडेने चमकत्या जाकिटांत चालणाऱ्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात.

शेवटी एकच मागणे. आपल्यातले सगळे काही पोर्तुगालला जाणार नाहीत, पण वारीला, जत्रेला, उरुसाला, मोतमावलीला तर जातोच. वाटेत कुणाचे तरी हरभऱ्याचे रान असते, कुणाची विहीर असते, कुणाचा नुकता सारवलेला ओटा असतो. आडवाट जवळची म्हणून पिकातून जाऊ नका, बैल मोकळे सोडू नका, पाणी घेतले तर विचारून घ्या. देवाला त्या रानातूनही आपण दिसत असतो. आणि तुमचेच रान यात्रेच्या वाटेवर असेल, तर मारिया रोझाची ही गोष्ट आज रात्री घरात वाचून दाखवा. दरवर्षी तुडवल्या जाणाऱ्या बांधाचे दुःख कुणीतरी ओळखते आहे, एवढा तरी दिलासा मिळेल.

बरे, आज इतकेच.